उकंडा मिस्त्रीचं दुसरं रॉकेट

दिग्रसमध्ये माझ्या हाताखालून गेलेलं यंत्र पुन्हा बंद पडत नाही. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मी सगळ्यांना सांगितलेलं आहे. कापसाच्या जिनिंगचं इंजिन, पिठाची चक्की, शिंप्याचं मशीन, डॉक्टरांची फटफटी, सगळं मी सुरू केलं. एकदा भजनी मंडळाची पेटीसुद्धा दुरुस्त केली. पुढे तिचा आवाज जरा शेळीसारखा येई, पण बंद पडली नाही.

नाव माझं उकंडा. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून माझ्यावर दृष्ट पडू नये यासाठी आईनं मला उकिरड्याचं नाव ठेवलं. अशा नावाच्या माणसानं आभाळाकडे पाहावं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. एकसष्ट साली रशियाचा माणूस आभाळात चक्कर मारून आला. भीमराज मास्तरांनी ती बातमी मला पेपरातून वाचून दाखवली, तेव्हा मी तिथल्या तिथं म्हटलं, "मास्तर, त्याईनं माणूस पाठवला. आपण नळी तं पाठवू."

भीमराज मास्तर आमच्याच वस्तीतले. शाळेत विज्ञान शिकवतात. छप्पनला आम्ही एकाच ट्रकनं नागपूरला गेलो, दीक्षा घेतली आणि एकाच ट्रकनं परत आलो. तेव्हापासून मास्तर सांगतात ते मी करतो आणि मी करतो ते मास्तर वहीत लिहितात. त्यांच्याकडे पोस्टानं विज्ञानाचं एक मासिक येतं. त्यात रॉकेटचं चित्र होतं. उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं, मिस्त्रीचे हात रिकामे असतात आणि रिकाम्या हातांना चित्र दाखवू नये.

पहिल्या रॉकेटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पत्र्याची चार फुटी नळी, सागवानाचं टोक, मागे तीन पंख. लग्नात आतषबाजी करणाऱ्या रामधननं आत दारू ठासून दिली. किसनरावांचं वावर कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन मोकळं पडलं होतं, तिथं ते उभं केलं. वात पेटली, रॉकेट निंबाच्या शेंड्याएवढं वर गेलं, घरी काही विसरल्यासारखं थबकलं, वळलं आणि किसनरावांच्या विहिरीत शिरलं.

किसनराव शांत गृहस्थ. विहिरीच्या काठावर बसून त्यांनी आत पाहिलं.

"मिस्त्री, साऱ्या वावरात एकच विहीर हाय माही. तुमाले तेच सापडली?"

तीन दिवस त्यांच्या बैलांनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही. बादल्या काढायच्या गळानं आम्ही रॉकेट वर ओढलं, तेव्हा ते म्हैस वर बसलेल्या पिंपासारखं दिसत होतं. मला वाटलं, किसनराव आता वावरात पाय ठेवू देणार नाहीत. ते म्हणाले, "पुढचं सोडाल तं विहिरीवर आंधी झाकण टाका. पण सोडा. असं अर्धवट पाह्यलं की माह्या जिवाले चैन नाही पडत."

असा माणूस पाठीशी असल्यावर माघार कशी घ्यायची?

दुसरं रॉकेट मी माझ्या अंगणात बांधायला घेतलं. नळी नवी, लांबी माझ्या खांद्यापर्यंत. मास्तरांनी मासिकातून उड्डाणाआधीची एक परीक्षा शोधून काढली. रॉकेट जिथं तोललं जातं तिथं दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवायचं. तोंड पुढे करून फिरलं, तर आभाळातही सरळ जाणार. आडवंतिडवं फिरलं, तर पुन्हा विहीर.

मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि फिरवलं. रॉकेट शेपटीकडून पुढे निघालं, दोरीला हिसका बसला, आणि बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया एका फटक्यात कुंपणापलीकडे गेल्या.

माझी बायको पंचफुला दारात उभी होती. सातवी पास आहे आणि माझ्यापेक्षा कमी बोलते, म्हणून तिचं जास्त खरं निघतं. तिनं कुरडयांकडे पाहिलं, मग रॉकेटकडे.

"शेपटी काहून पुढं जाते?"

"जड हाय म्हणून," मास्तर म्हणाले.

"मंग तोंड जड करा ना. त्यात काय पाहा लागते वहीत?"

मास्तरांनी वही मिटली. मी सागवानाचं टोक आतून कोरलं आणि इंजिनाचे जुने लोखंडी नट त्यात बसवू लागलो. एक नट घातला, रॉकेट डगमगलं. दोन घातले, थोडं सुधारलं. तिसऱ्या नटानंतर ते डोक्याभोवती असं फिरलं, जसा शिकलेला बैल पिकाच्या पातीतून चालतो. मला इतका आनंद झाला की मी ते बारा-पंधरा वेळा फिरवलं आणि चक्कर येऊन खाली बसलो.

उतरताना ते फुटू नये म्हणून छत्री हवी होती. रामधनची युक्ती अशी, की दारू संपता संपता शेवटची चिमूट टोकाला धक्का देईल, टोक निघेल आणि आतली कापडी छत्री बाहेर पडेल. कापड पंचफुलानं दिलं, तिचं हिरवं लुगडं. ती दारात बसून ते शिवत होती, तेव्हा तांड्यावरून दूध घेऊन येणारी लालीबाई आली. पुढचा सगळा घोटाळा त्या दोन मिनिटांत झाला.

"पंचफुला, हे काय शिवून राह्यली वं?"

"छत्री. वरून उतरताना लागू नये म्हणून."

"कोणाले?"

पंचफुलाच्या दातांत दोरा होता. ती म्हणाली, "त्याले." त्याले म्हणजे रॉकेटला. पण दातांत दोरा धरून 'त्याले' म्हटलं की ते 'त्याईले' असंही ऐकू येतं, आणि आमच्याकडे बाईनं 'त्याईले' म्हटलं की तो नवराच असतो.

लालीबाईनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच वेळी रॉकेटला पाठ लावून उंची मोजत होतो. ती गेली, आणि ज्या ज्या घरी दूध पोचलं त्या त्या घरी बातमी पोचली.

त्यात मास्तरांनी भर घातली. त्यांना रॉकेटचं वजन हवं होतं. जिनिंगमधला मोठा काटा कापसाच्या बोज्यांसाठी, त्याला एवढंसं वजन कळत नाही. म्हणून आधी मी रॉकेट कवेत घेऊन काट्यावर उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो. एकातून दुसरं वजा करायचं होतं. चौकीदार बाबूसिंग पाहत होता.

"मिस्त्रीजी का वजन कायको ले रहे, मास्टरजी?"

मास्तर वहीतून मान वर न करता म्हणाले, "दारू किती लागन, ते पाहा लागते ना."

दुसऱ्या दिवशी मी गोविंदाकडे दाढीला बसलो. गोविंदानं माझी हनुवटी अशी धरली जशी कोणी लहान लेकराची धरतो.

"मिस्त्री, केसही बारीक करून देतो. वर न्हावी भेटन, नाही भेटन."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, अगदी खरं सांगतो. पण त्याच तोंडावर तो साबण लावत होता. आणि साबण पुसून होईस्तोवर दुकानात आठ माणसं जमली. कोणी मला उठून जागा दिली, कोणी चहा सांगितला. आमच्या वस्तीतली सत्यभामाआजी काठी टेकत आली आणि म्हणाली, "बाबू, वरून पावसाचं पाहजो. किती दूर हाय ते. दिसला तं हात दाखवजो खाली." किसनराव आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माहा एक गोऱ्हा पोळ्यापासून गायब हाय. तांबडा. वर गेले की जरा पुसदच्या बाजूनं पाहाल."

मी काय केलं? मी हसलो. फक्त हसलो. हो म्हटलं नाही. पण उकिरड्याचं नाव घेऊन छत्तीस वर्षं फिरलेल्या माणसाशी लोक पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होते. एवढ्या लवकर ते बंद पाडायचं माझ्या जिवावर आलं.

मास्तर संध्याकाळी आले. "उकंडा, लोक काय म्हणून राह्यले, आयकलं काय?"

"म्हणू द्या."

"अरे, तू नाही काहून नाही म्हटलं?"

"कोणी इचारलंच नाही, मास्तर. सारे नुसते सांगून राह्यले."

पंचफुला चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "हे माह्या मायपर्यंत जाईन. मंग पाहा."

"फुलसावंगी काय जवळ हाय?"

"लालीबाईची बहीण तिकडच्या तांड्यावर देली हाय."

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी माझी सासू दारात उभी राहिली. डोक्यावर गोधडी, हातात गाठोडं, अंगातून घामाच्या धारा. मे महिन्यातली दुपार आणि बाईच्या डोक्यावर गोधडी.

तुळसाबाई माझ्याशी सहा वर्षं बोलत नव्हत्या. त्यांना पंचफुलासाठी एखादा शाळामास्तर नवरा पाहिजे होता, आणि मिळाला हातात पाना घेऊन फिरणारा. भांडण असं काही नव्हतं. मी समोर बसलेला असलो तरी त्या पंचफुलालाच सांगत, "त्याईले सांग, पाणी ठेवलं." एवढंच. त्या दिवशी मात्र त्या थेट माझ्यासमोर येऊन बसल्या आणि गाठोडं सोडू लागल्या.

"जावईबापू, ह्या दशम्या. दुधातल्या हायेत, लवकर खराब नाही होत. हे तिळाची चटणी. अन् वर लय गार असते म्हणतात, म्हणून गोधडी आणली."

मी गोधडीकडे पाहत राहिलो. जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची. नवी शिवलेली होती. दोन दिवसांत शिवली असेल तर त्या झोपल्या नसतील.

"एक इचारू काय?" त्या म्हणाल्या. "मी इतके वर्षं तुमच्यासंग धड बोलली नाही. त्याचा राग धरून तं नाही ना चालले?"

गोविंदाच्या दुकानातलं माझं हसू मला आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

"मामी, मी कुठंच नाही चाललो. कोणीच नाही चाललं. त्या नळीत फक्त दारू हाय."

त्यांचा चेहरा आणखी उतरला. दारू हा शब्द मी टाळायला पाहिजे होता.

"फटाक्याची दारू, माय," पंचफुला आतून ओरडली. "अन् माहं हिरवं लुगडं."

तुळसाबाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या जिवाले लागू नये म्हणून खोटं बोलून राह्यले तुमी दोघं. बोला. पहिलेच्या दिवसांत मी नवस बोलली असती. आता ते सोडलं आपण. म्हणून फुलसावंगीपासून त्रिशरण म्हणत आली. पुसदपर्यंत एस्टीतली शेजारची बाईही म्हणू लागली माह्यासंग."

मी कितीही सांगितलं तरी त्यांना ते पटेना. शेवटी पंचफुलानं मला फर्मावलं, "उद्या वावरात साऱ्याईसमोर सांगा. वात लावायच्या आंधी. तुमीच हसले, तुमीच निस्तरा."

सकाळी, वारा उठायच्या आत, आम्ही वावरात पोचलो. मला वाटलं होतं पन्नासेक माणसं असतील. तिथं अर्धं दिग्रस होतं. बैलगाड्या सोडलेल्या, फुटाणेवाला आलेला, आणि रामधननं आपल्या ओळखीतला लग्नाचा बँड आणलेला. विहिरीवर पत्रा टाकून किसनराव स्वतः त्याच्यावर बसले होते. म्हणाले, "आता येऊ द्या." मधोमध लोखंडी सळईच्या आधारानं माझं रॉकेट उभं, लाल रंगाचं, ऊन खात. त्याच्याकडे पाहून मला क्षणभर सगळ्याचा विसर पडला.

मग मी एका बैलगाडीवर चढलो. "भावाहो, एक सांगायचं हाय..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून बँडवाल्यांना वाटलं सुरू झालं, त्यांनी नवरदेवाच्या वरातीचं वाजवायला घेतलं. मी हात हलवले. लोकांनीही हात हलवले. बायका डोळे पुसू लागल्या.

बँड थांबल्यावर मी पुन्हा म्हटलं, "मी जात नाही. मी जाणार नव्हतोच."

पुढच्या रांगेतून कोणी तरी मागे सांगितलं, "भेव वाटून राह्यलं त्याले." मागून दिलासा आला, "भेऊ नका, मिस्त्री. आमी हावो ना खाली."

मास्तर पुढे झाले. त्यांचा आवाज शाळेतला, एका हाकेत सगळे गप्प झाले. पण बिचारे शाळेतलंच बोलले. "ग्रामस्थहो, हे रॉकेट मानवविरहित आहे."

सत्यभामाआजीनं शेजारणीला विचारलं, "मानव कोण हाय वं?"

"होता कोणी. तो नाही आला वाटते."

एवढ्यात रामधन ओरडला, "मिस्त्री, वारा सुटून राह्यला. आता नाही तं आज नाही."

म्हटलं, बोलण्यानं पटत नाही तर पाहून पटेल. मी खाली उतरलो, लांब बांबूच्या टोकाला पेटता बोळा होता तो हातात घेतला आणि निघालो. दोन पावलं गेलो आणि मागून सदरा ओढला गेला. तुळसाबाई. मी पुढे जोर केला, सदरा फाटला. त्यांनी फाटका तुकडा टाकला, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माझा पाय कवटाळला.

"मामी, सोडा. मी नुसती वात लावून येतो."

"नाही सोडत. पोरीनं काय करा लागते मंग?"

मी एका पायावर, हातात पेटता बांबू, सासू दुसऱ्या पायाला. बँडवाल्यांनी पुन्हा सुरू करावं की नाही यावर त्यांच्यात बोलणं चाललं होतं. हा काही सांगण्यासारखा देखावा नाही, पण सुरुवात केली आहे तर सांगतो.

पंचफुला आली. तिनं माझ्या हातातून बांबू घेतला, पदर खोचला, सरळ चालत गेली, वात लावली, आणि चूल पेटवून परत यावं तशी परत आली. धावलीसुद्धा नाही.

वात सळसळली. मग नळीच्या बुडातून असा आवाज आला जसा शंभर तव्यांवर एकदम पाणी टाकावं, आणि ते गेलं.

सरळ गेलं. निंबाच्या शेंड्यापाशी थबकलं नाही. घारींच्या वर गेलं. पांढऱ्या धुराची एक रेघ वावरातून निघून आभाळात चढत गेली, आणि तिच्या टोकाला लाल ठिपका बारीक बारीक होत गेला. मग वर कुठं तरी एक छोटा फटाका वाजला आणि पंचफुलाचं हिरवं लुगडं उघडलं. मास्तरांनी नंतर धुराच्या रेघेचा कोन मोजून उंची नऊशे फूट सांगितली. मी हजार सांगतो. ते हलत डुलत, अगदी घाई नसल्यासारखं, पलीकडच्या पडीत जमिनीत बाभळीशेजारी उतरलं. कुठंही खरचटलं नाही. मी रडलो, आणि मास्तरांची वही हातातून कधी पडली ते त्यांना कळलं नाही. पंचफुला वर पाहत म्हणाली, "तीन नट बरोबर बसले."

तुळसाबाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. हळूहळू त्यांचे हात सैल झाले.

आता सगळ्यांना कळेल, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात सत्यभामाआजीचा आवाज आला.

"अवं, ते तं गेलं ना. अन् हा इथंच हाय."

मान वर करून उभी असलेली अर्ध्या गावची माणसं एकदम माझ्याकडे वळली. फाटक्या सदऱ्यातला मी, धुळीत बसलेली सासू. कोणाला काही सांगावंच लागलं नाही.

"सासूनं धरून ठेवलं त्याले."

"अन् ते थांबलं नाही?"

"थांबन कसं? वात लागली होती ना."

विहिरीवरच्या पत्र्यावरून किसनरावांनी हाक मारली, "मिस्त्री, मंग माहा गोऱ्हा?"

मी सांगायचा प्रयत्न केला. चार दिवस, घरोघर जाऊन. लोक मान डोलावत, समजूतदारपणे माझ्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, "जाऊ द्या. होते असं." सगळ्यात अडचण तुळसाबाईंची झाली. त्या महिनाभर राहिल्या. त्यांनी मला नावानिशी हाक मारली, ताटात वाढलं, सहा वर्षांचं बोलणं एका महिन्यात बोलून काढलं, आणि आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं, "मी पाय नसता धरला तं गेलेच होते बिचारे." ते सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की मी शेजारी बसून मान हलवत असे. दशम्या आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. चटणी फार चांगली होती.

पावसाळा लागल्यावर इंजिनाचा एक भाग आणायला मला यवतमाळला जायचं होतं. स्टँडवर गर्दी होती. एस्टी गच्च भरली होती, इंजिन सुरू होतं. मी छत्री सावरत धावत पोचलो, तसा दारातल्या कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हात थांबवला, मला नीट पाहून घेतलं आणि आतल्या माणसांना सरकायला सांगत म्हणाला, "या मिस्त्री, चढा लवकर. ही तरी सुटू देऊ नोका."

सगळी गाडी हसली. मी चढलो. बसायला जागा नव्हती, यवतमाळपर्यंत उभ्यानंच गेलो.